सकाळी बाळ कोणाकडे?

लग्नाआधी जिल्हा स्पर्धेत धावलेल्या, कॉलेजला ढाल आणून दिलेल्या मुली आपल्या मोहल्ल्यातही आहेत. त्यांचं धावणं नेमकं कधी थांबलं, असं विचारलं तर बहुतेकींना तारीख सांगता येत नाही. कोणी मनाई केलेली नसते. सासरची माणसं चांगली असतात, नवऱ्याचाही विरोध नसतो. बाळ झालं, रात्री जागण्यात गेल्या, सकाळ घरकामात गेली आणि बूट माळ्यावर गेले. एवढंच झालेलं असतं. मनाई झाली असती तर तिने निदान वाद घातला असता. इथे वाद घालायलाही कोणी समोर नसतं.

आज या सदरात अशाच आईबद्दल लिहायचं आहे. हौसेने चार फेऱ्या मारणारी नव्हे, तर जिला पुन्हा वेळ लावून, नंबर लावून शर्यतीत उतरायचं आहे ती. कोणाला राज्य स्पर्धा गाठायची असते, कोणाला जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. आणि कोणाच्या डोळ्यासमोर पोलीस भरती असते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावायचं असतं, गोळाफेक असते आणि गुण मिळतात ते वेळेवर. तिथे काही सेकंदांचा फरक म्हणजे नोकरीचा फरक. जाहिरात कधी निघेल हे तिच्या हातात नसतं आणि वयाची अट कोणासाठी थांबत नाही. तेव्हा तिच्या धावण्याला ‘छंद’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो तो असा : बाळंतपणानंतर शरीर पूर्वीसारखा वेग देतं का? याचं उत्तर मैदानावर अनेकदा मिळालेलं आहे. 2019 साली कतारमधल्या दोहा शहरात जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. 29 सप्टेंबरच्या रात्री जमैकाची शेली-ॲन फ्रेझर-प्राइस 100 मीटरची शर्यत 10.71 सेकंदांत जिंकली. वय 32, मुलगा दोन वर्षांचा. विजयानंतरची फेरी तिने त्याला कडेवर घेऊन मारली. त्याच रात्री अमेरिकेची ॲलिसन फेलिक्स मिश्र रिलेत सुवर्णपदक जिंकली. तिची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. गरोदरपणात रक्तदाब धोक्याच्या पातळीवर गेल्यामुळे 32व्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं होतं आणि बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं होतं. त्याच स्पर्धेत केनियाची फेथ किपयेगोन 1500 मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली. तिची मुलगी जून 2018 मधली. पुढे याच फेथने टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली आणि 2023 मध्ये 1500 मीटरचा जागतिक विक्रम केला. म्हणजे तिची सर्वांत वेगवान धाव आई होण्याआधीची नाही, नंतरची आहे.

आपल्या देशातलं उदाहरण तर घरोघरी माहीत असलेल्या नावाचं आहे. पी. टी. उषा लग्नानंतर मैदानापासून दूर गेली, 1992 मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतर ती परत आली. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत रिलेचं रौप्यपदक मिळवणाऱ्या चौघींत ती होती आणि 1998 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, फुकुओकाच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेतही तिने पदकं मिळवली. सानिया मिर्झा धावपटू नव्हे, पण तिची वाटही हीच. ऑक्टोबर 2018 मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी 2020 मध्ये होबार्टला तिने दुहेरीचं विजेतेपद मिळवलं.

ही नावं वाचून एखादी सासू म्हणेल, ‘मग आमच्या सुनेनेही जिद्द धरावी की!’ इथेच थोडं थांबायला हवं. फेलिक्सची गोष्ट नुसत्या जिद्दीची नाही. गरोदर असताना ती पहाटे अंधारात सराव करायची, कारण पोट कोणाला दिसू नये. करार हातचा जाईल, ही भीती होती. ज्या नायकी कंपनीचे बूट घालून ती धावत होती, तिने नव्या करारात पूर्वीपेक्षा 70 टक्के कमी पैसे देऊ केले, असं फेलिक्सने मे 2019 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. तिची मागणी साधी होती. बाळंतपणाच्या मागच्या-पुढच्या काही महिन्यांत कामगिरी उतरली तर त्याची शिक्षा होणार नाही, एवढं लिहून द्या. कंपनीने तेव्हा ते दिलं नाही. तिच्याआधी ॲलिसिया मोंटानो या धावपटूनेही हाच विषय जाहीरपणे मांडला होता. बोभाटा झाला आणि ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीने धोरण बदललं. गरोदरपणाभोवतीच्या 18 महिन्यांत खेळाडूचे पैसे कापायचे नाहीत, असं ठरलं.

म्हणजे ऑलिम्पिक पदकं जिंकलेल्या बाईलाही परत यायला जिद्दीशिवाय दोन गोष्टी लागल्या : ठरवून दिलेला वेळ आणि त्या वेळात तिच्यावर न येणारा दाब. आपल्याकडे नोकरी करणाऱ्या स्त्रीला 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. घरातल्या सुनेला असा कायदा नाही. तिच्यासाठी तो करार घरानेच करायचा असतो.

आधी वेळेचं बघू. आपल्या घरांत बाळंतिणीला चाळीस दिवस जपण्याची रीत आहे. हरीरा, अळीव, डिंकाचे लाडू, तेल-मालीश, जड उचलायचं नाही. ही रीत चांगलीच आहे. पण एकेचाळिसाव्या दिवशी आपण एकदम उलटं वागतो. जणू शरीर भरून आलं. बादली तिच्या हातात, पाहुणे तिच्या माथी. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी 2019 मध्ये बाळंतपणानंतर धावण्याविषयी जी मार्गदर्शक सूचना तयार केली, तिच्यात किमान 12 आठवडे धावू नये असं सांगितलं आहे. 12 आठवडे म्हणजे 84 दिवस. चाळीस दिवसांच्या दुपटीहून जास्त. आणि तेही बारा आठवडे झाले की लगेच वेगाने पळा, असं नाही. तेव्हा कुठे हळू सुरुवात करता येईल का, ते तपासायचं. सिझेरियन झालं असेल तर आणखी सबुरी. वरचा टाका सुकला तरी आतले थर भरायला वेळ लागतो.

का, तेही समजून घेऊ. नऊ महिने पोटाचे स्नायू ताणलेले असतात. लघवी रोखताना आपण जे स्नायू आवळतो, त्यांच्यावर गर्भाचा आणि प्रसूतीचा भार पडलेला असतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट धक्का बसतो आणि तो याच स्नायूंना झेलायचा असतो. ते तयार नसताना धावलं तर खोकताना, शिंकताना, धावताना लघवी सुटते, अंग बाहेर येतंय असं वाटतं. बायका हे कोणाला सांगत नाहीत. ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं सहन करतात. हे होतं ते खरं, पण ते सहन करायचं दुखणं नाही. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टरांना विचारून घरातल्या घरात चालणं आणि त्या स्नायूंना आवळून सोडण्याचा व्यायाम, एवढं पुरे. मग चालण्याची वेळ वाढवत न्यावी. बारा आठवड्यांनंतर स्वतःची परीक्षा घ्यावी. तीस मिनिटं झपाझप चालता येतं का? एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? जागच्या जागी एक मिनिट हलकं धावता येतं का? प्रत्येक पायावर दहा लंगड्या उड्या मारता येतात का? हे सगळं दुखल्याशिवाय, लघवी न सुटता, ओटीपोटात जडपणा न येता जमलं, तर एक-दोन मिनिटं धावणं आणि मधे चालणं असं सुरू करावं. आधी अंतर वाढवावं, वेग नंतर. रक्तस्राव पुन्हा सुरू झाला किंवा टाक्याच्या जागी दुखलं तर थांबून डॉक्टरांकडे जावं. घड्याळ लावून जोरात धावणं ही त्यानंतरच्या महिन्यांतली गोष्ट.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. बाळंतपणात आणखी जातं. धाप लागते, पाय ओढल्यासारखे होतात आणि मुलीला वाटतं, आपण आळशी झालो. सरावाआधी हिमोग्लोबिन तपासावं, सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या कराव्यात. आहारतज्ज्ञांच्या हिशोबाने अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. धावणारीला त्याहून अधिक. बारीक व्हायचं म्हणून जेवण तोडून धावणं हा सर्वांत वाईट मार्ग. पाळी बराच काळ न येणं आणि हाडं कमकुवत होणं, असे त्याचे परिणाम असतात. खजूर, कलेजी, अंडी, मासे, नाचणी, डाळी, पालेभाज्या आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. त्या तिच्या ताटात पोचतात का, ते बघावं. सगळ्यांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला रस्सा उरतो आणि बोट्या संपलेल्या असतात.

‘धावलं की दूध आटतं’ ही भीती घरोघरी असते. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. निघण्याआधी बाळाला पाजावं. त्याने बाळाचं पोट भरतं आणि आईलाही छाती हलकी झाल्याने धावणं सुसह्य होतं. चांगला आधार देणारी ब्रा घ्यावी, पाणी भरपूर प्यावं. कपड्यांचा प्रश्न तर फारच सोपा आहे. पूर्ण बाह्यांचा सैल, घाम शोषणारा कुडता, पायघोळ ट्रॅकपँट, डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ, एवढ्यात उत्तम धावता येतं. खर्च करायचाच तर बुटांवर करावा. गरोदरपणात पाऊल किंचित पसरतं, त्यामुळे जुने बूट घट्ट होऊ शकतात.

आता राहिला तो प्रश्न, ज्याच्यावर बाकी सगळं अडतं : सकाळी साडेपाच ते साडेसहा बाळ कोणाकडे?

हा प्रश्न रोज नव्याने विचारावा लागला तर सराव होत नाही. आज सासूबाईंचे गुडघे दुखतात, उद्या नणंदेची परीक्षा, परवा नवरा रात्रपाळी करून आलेला. प्रत्येक कारण खरं असतं. पण त्यामुळे दर वेळी तिला मेहरबानी मागितल्यासारखं होतं आणि आठ दिवसांत ती मागणंच बंद करते. म्हणून वार ठरवून टाकावेत. सोमवार-गुरुवार बाळाचे अब्बा, मंगळवार-शनिवार दादी. आठवड्यातून चार दिवस, एक तास. एवढं ठरलं की ती मोकळ्या मनाने मैदानावर जाईल. बापाने बाळ सांभाळणं म्हणजे ‘मदत’ नव्हे, ते त्याचंही बाळ आहे. रात्रीचं एक जागरण त्याने घेतलं तर तिच्या पायांना त्याचा फायदा कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त होईल. झोप नसताना केलेला सराव दुखापतीकडे नेतो. रात्र फारच वाईट गेली असेल तर त्या दिवशी धावू नये, त्या तासात झोपावं. तो तास मात्र तिचाच राहू द्यावा.

लोक बोलतील, हे धरून चालावं. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोन निघाली तेव्हा तिशीतली दोन मुलांची आई घर सोडून धावायला कशाला जाते, असं तिलाही ऐकावं लागलं होतं. ती चार सुवर्णपदकं घेऊन आली. आपल्या सुनेने एकही पदक नाही आणलं तरी चालेल. बोलणाऱ्यांना उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी द्यावं, तिच्यावर ते ओझं टाकू नये. ‘आम्हीच पाठवलंय’ एवढं वाक्य पुरतं.

आणि ज्या मुलीला परत धावायचंच नाही, तिला कोणी पदकांच्या गोष्टी सांगून ओढू नये. ठरवायचं तिने. फक्त तिला ठरवायची संधी मिळाली होती, एवढं घराला मान वर करून सांगता आलं पाहिजे.

या महिन्यात एक करा. घरात कोणी अशी आई असेल तर तिला ‘तू पूर्वी किती छान धावायचीस’ असं नुसतं म्हणू नका. डॉक्टरांनी हो म्हटलंय का ते विचारा, मग कॅलेंडर काढा आणि कोणत्या सकाळी बाळ तुमच्याकडे असेल, ते तिच्यासमोर लिहून ठेवा.