तीन रंग आणि एक माती

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात, जुन्या गुणपत्रिकांच्या तळाशी, एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे एखादे प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द त्या वयात नित्याचे होते. पुढे महाविद्यालय आले, संसार आला, दुकान किंवा नोकरी आली आणि रंगपेटी माळ्यावर गेली. आता मुले मार्गी लागली, दुपारचे दोन तास मोकळे मिळू लागले की जुनी इच्छा पुन्हा डोके वर काढते. मनुष्य उत्साहाने दुकानात जातो, मांडणीतील शेकडो नळ्या आणि त्यांवरील किमती पाहतो आणि “हा श्रीमंतांचा छंद आहे” असे म्हणत रिकाम्या हाताने परततो.

खर्चाचे कारण सांगायला सोपे असते. त्याच्या आड पुष्कळदा दुसरीच शंका दडलेली असते. या वयात आपल्याला जमेल का, आणि घरातील माणसे हसतील का? पहिल्या अडचणीचे निवारण झाले, तरच दुसरीकडे सरळ पाहता येते. म्हणून आज खर्चाचाच हिशेब नीट मांडू.

प्रारंभासाठी जलरंगाइतके सोयीचे दुसरे माध्यम नाही. त्याला तेल लागत नाही, टर्पेंटाइनचा उग्र वास नाही, वेगळी खोलीही नको. जेवणाच्या मेजाचा एक कोपरा पुरतो आणि पाहुणे आले तर दोन मिनिटांत सारे आवरता येते.

रंग घेताना चोवीस नळ्यांच्या पेटीचा मोह टाळावा. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत मूळ रंगद्रव्य कमी व भरताड अधिक असते. त्यामुळे चित्र खडूसारखे फिके दिसते आणि गडदपणा आणण्यासाठी रंगही अधिक खर्ची पडतो. त्याऐवजी कलावंत-श्रेणीच्या चारच सुट्या नळ्या घ्याव्यात. लेमन यलो, क्रिमझन, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ही भाजलेली माती. पिवळ्या-निळ्यातून पाने, तांबड्या-निळ्यातून जांभळे फूल, पिवळ्या-तांबड्यातून संध्याकाळ साधते. निळा आणि माती यांच्या मिश्रणातून पावसाळी ढगाचा करडा रंग मिळतो. पांढरा रंग घेण्याची गरज नाही, कारण जलरंगात कागदच पांढऱ्याचे काम करतो. नळीवर रंग उन्हात किती टिकतो याची खूण असते, तीही पाहून घ्यावी. क्रिमझनच्या काही जुन्या प्रकारांचा रंग प्रकाशात उडतो.

या चारांतील निळ्याचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंधराव्या शतकात पश्चिम भारतात लिहिल्या गेलेल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत जो लखलखीत निळा दिसतो, तो लाजवर्द या पाषाणापासून केलेला असे आणि हा पाषाण अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. युरोपातही या निळ्याची किंमत सोन्याशी तोलली जात असे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने तयार करण्याची पद्धत सापडली आणि आज अल्ट्रामरीन सर्वांत स्वस्त नळ्यांपैकी एक आहे. त्या पोथ्यांचे चित्रकारही मोजक्याच रंगांवर काम करीत. त्यांची श्रीमंती रेषेत होती.

रंगात वाचवलेले पैसे कागदावर खर्च करावेत. नवशिक्याची निराशा बहुतेक वेळा कागदामुळेच होते. वहीचा पातळ कागद ओला होताच फुगतो, दुसरा हात फिरवला की त्याचे लव निघतात, आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला दिला जातो. कापसापासून केलेला, ३०० ग्रॅम वजनाचा कागद पाणी शांतपणे पितो आणि रंग पसरायला अवसर देतो. २२ × ३० इंचांचा एक मोठा ताव आणून त्याचे आठ तुकडे केले, तर साडेसात गुणिले अकरा इंचांची आठ चित्रे होतात. मागील बाजू धरली तर सोळा.

आता आपल्या घरांत ज्याचा विचार अवश्य व्हावा अशी गोष्ट. कुंचल्याचे केस कोठून येतात? उंची ‘कोलिन्स्की सेबल’ कुंचले सायबेरियातील विझल या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. ‘कॅमल हेअर’ म्हणून विकले जाणारे कुंचले उंटाच्या केसांचे नसून बहुधा खारीच्या किंवा अन्य प्राण्यांच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार तर आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्धच आहे. सुदैवाने कृत्रिम तंतूंचे कुंचले स्वस्तही आहेत आणि टिकाऊही. टोकदार गोल ८ क्रमांकाचा एक आणि इंचभर रुंदीचा चपटा एक, एवढे दोन पुरेत. ते पाण्यात उभे ठेवू नयेत. धुऊन, टोक बोटांनी जुळवून, आडवे वाळवावेत.

रंग व कागदाबाबतही चौकशी करावी. काही परदेशी जलरंगांत मध किंवा बैलाचे पित्त असते, ‘आयव्हरी ब्लॅक’ हा काळा जळलेल्या हाडांपासून होतो, आणि काही उंची कागदांना प्राणिज सरसाची खळ दिलेली असते. काळ्यावाचून आपले काम अडत नाहीच. लागलाच तर काजळीपासून केलेला ‘लॅम्प ब्लॅक’ मिळतो.

ज्यांना हाताने करून पाहण्याची हौस आहे, त्यांनी गेरूपासून आरंभ करावा. गेरू वस्त्रगाळ करून पाण्यात ढवळावा. जाड कण तळाशी बसले की वरचे रंगीत पाणी दुसऱ्या वाटीत ओतून वाळू द्यावे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्यावा आणि त्या पाण्यात ही पूड काचेवर घोटावी. मधाऐवजी खडीसाखरेचा थोडा पाक घातला तर वाळताना रंगाला तडे कमी जातात. लवंगेच्या तेलाचा एक थेंब बुरशी दूर ठेवतो. गेरू म्हणजे लोहाचे भस्म असल्याने तो उन्हात उडत नाही. हळद मात्र वापरू नये, तिचा पिवळा प्रकाशात फार टिकत नाही.

उरलेले साहित्य स्वयंपाकघरात आहेच. टवका उडालेली पांढरी चिनीमातीची बशी, पाण्याच्या दोन वाट्या (एक कुंचला धुण्यास, एक स्वच्छ) आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा. मोजकीच सामग्री ठेवण्याचा लाभ केवळ पैशाचा नाही. नव्या नळ्या जमवीत राहणे हा निराळा छंद आहे आणि त्यात पुष्कळदा चित्र काढायचेच राहून जाते.

पहिला आठवडा एकाच मातीच्या रंगात फिक्यापासून गडदापर्यंत पाच पायऱ्या रंगवाव्यात. दुसऱ्या आठवड्यात खिडकीशी ठेवलेले एक लिंबू. त्याची सावली काळी नसून किंचित जांभळट आहे, हे ज्या दिवशी डोळ्यांना दिसेल, त्या दिवशी शिक्षण सुरू झाले असे समजावे.

राहिली हसण्याची भीती. जलरंग म्हणजे शाळेतील पोरखेळ, असे कोणी म्हटले तर त्याला मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील दिवा हाती घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहायला सांगावे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी स्वतःच्या मुलीला समोर उभे करून ते रंगवले. अनेकजण ते तैलचित्र समजतात. प्रत्यक्षात ते जलरंगात आहे. आपले लिंबू त्या पंक्तीत बसणार नाही आणि बसावे अशी अपेक्षाही नसावी. परंतु महिनाभराने पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवून पाहावा. नातवंडांना तुलना करायला सांगितली तर ती निःसंकोच खरे तेच सांगतात.

माळ्यावरील पेटी या रविवारी खाली काढावी. नळ्या वाळून गेल्या असतील तर टाकून देऊ नयेत. जलरंग डिंकात बांधलेला असतो; नळी कापून आतल्या खड्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की बहुधा तो पुन्हा सुटतो.