कुंडीआधीची जमीन

बोन्साय म्हणजे वृक्षावरील अत्याचार, हा आक्षेप आपल्या सुशिक्षितांत प्रतिष्ठा पावला आहे. आक्षेपकांनी बोन्सायची कुंडी पाहिली, त्याआधीची जमीन पाहिली नाही. जाणता बोन्सायकार प्रथम विटांचे तुकडे, चुना, राडारोडा उपसून वाफा मोकळा करतो; वडा-पिंपळाचे कोवळे रोप त्यात काही वर्षे स्वैर वाढू देतो. खोड जाडावते ते जमिनीतच. कुंडीत गेल्यावरही ठरावीक काळाने तो मुळे छाटतो आणि माती बदलतो.

आता दिल्लीतील पहाडगंजासारख्या दाटीच्या वस्तीचा विचार करावा. दिल्लीच्या १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने एक मीटरहून ठेंगण्या रोपाला ‘वृक्ष’ मानलेले नाही. म्हणजे बहुतेक बोन्साय त्या पदाला मुकतातच. परंतु ज्यांना ते पद लाभले, त्यांच्या बुंध्यांशी शोभेच्या नावाखाली सिमेंट ओतले गेले. अखेर २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला दिल्लीतील झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढण्याचा आदेश द्यावा लागला.

छाटलेल्या मुळांना नवी माती मिळते. बुजवलेल्या मुळांना पाणीही मिळत नाही. अत्याचाराचा आरोप कोणावर ठेवावा, हे आक्षेपकांनीच सांगावे. तोवर पहाडगंजात हातभर वाफा मोकळा करणाऱ्याला त्यांनी वृक्षप्रेमाचे धडे देऊ नयेत.