कागदावरचे ऐक्य, मनातल्या सीमा

युगोस्लाव्हियाच्या साम्यवादी राजवटीने ल्युब्लियाना, झाग्रेब, बेलग्रेड आणि स्कोप्ये ही शहरे जोडणारा एक महामार्ग बांधला होता. ‘बंधुत्व आणि ऐक्य’ हेच त्याचे नाव. आज तोच रस्ता चार सार्वभौम देशांतून जातो. राजवटीची घोषणा आणि समाजाचे वास्तव यांत किती अंतर असू शकते, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

नेहरू-नासेर-टिटो या त्रयीमुळे युगोस्लाव्हियाचे नाव आपल्याकडे एके काळी घरोघरी परिचित होते. सहा प्रजासत्ताके आणि दोन स्वायत्त प्रांत यांच्या त्या संघराज्याला बांधून ठेवणारे दोरे दोनच होते: पक्ष आणि मार्शल टिटो. १९८० साली टिटो गेले. कर्जाच्या ओझ्याने अर्थव्यवस्था वाकली आणि जानेवारी १९९० मध्ये पक्षही अधिवेशनातच फुटला. त्या वर्षी बहुपक्षीय निवडणुका झाल्या खऱ्या; पण त्या प्रत्येक प्रजासत्ताकात वेगवेगळ्या. संपूर्ण देशासाठी अशी निवडणूक कधी झालीच नाही. साहजिकच, अखिल देशाच्या नावाने मत मागणाऱ्याला व्यासपीठच उरले नाही. मिलोसेविच आणि तुजमान यांनी आपापल्या समूहाच्या भीतीवर सत्ता उभी केली. चाळीस वर्षे दडपून ठेवलेल्या जखमांवर कोणी औषध लावले नव्हते. आता त्यांवर मीठ चोळणारे पुढे आले.

पुढचा इतिहास रक्ताने लिहिला गेला. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मारली गेली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक मुस्लीम पुरुषांची आणि मुलांची कत्तल केली. मारणारे आणि मरणारे बहुतांशी एकच भाषा बोलत होते, ही या शोकांतिकेची सर्वांत बोचरी बाजू.

१९९५ च्या डेटन कराराने बंदुका थांबवल्या, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु या कराराने दुभंग राज्यघटनेतच कोरून ठेवला. अध्यक्षमंडळात एक बोस्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्ब. मग रोमा किंवा ज्यू नागरिकाने कुठे जायचे? अशाच दोघांनी दाद मागितली आणि २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही तरतूद भेदभावाची ठरवली. निकालाला दीड दशक उलटले, तरी घटना तशीच आहे. काही गावांत मुले एकाच इमारतीतल्या शाळेत जातात. पण समूह वेगळा म्हणून वर्ग वेगळा आणि अभ्यासक्रमही वेगळा.

जे एका देशात नांदू शकले नाहीत, ते आज युरोपीय संघाच्या दारात रांग लावून उभे आहेत. स्लोव्हेनिया २००४ मध्ये आत गेला, क्रोएशिया २०१३ मध्ये. बोस्नियाला डिसेंबर २०२२ मध्ये उमेदवाराचा दर्जा मिळाला. सदस्यत्वाच्या आशेने कायदे बदलतात, बाजारपेठा जुळतात, हे नाकारता येत नाही. पण विश्वास आयात करता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये स्लोव्हेनिया-क्रोएशिया सीमेवरची तपासणी उठली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरक्षेच्या कारणास्तव ती पुन्हा सुरू झाली.

हुकमाने लादलेले ऐक्य हुकूमशहाबरोबर संपते आणि वाटणीवर आधारलेली शांतता वाटणीच चिरस्थायी करते. बोस्नियाचे खरे भवितव्य ब्रुसेल्समध्ये ठरणार नाही. एकाच छपराखालची ती दोन वर्गांतली मुले एका बाकावर कधी बसतात, यावर ते ठरणार आहे.