मनातला उमेदवार, मतांतला उमेदवार

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि कार्यकर्ते रुसतात. अमेरिकेत ते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मतदारच ठरवतात. त्यामुळे आपल्याकडे बंद दाराआड होणारा वाद तिथे घरोघरी होतो: ज्याच्यावर जीव आहे त्याला उमेदवारी द्यायची, की नोव्हेंबरच्या निवडणुकीत जो निवडून येईल त्याला? काही म्हणतात, हक्काचा मतदार पेटून उठला पाहिजे, मिळमिळीत उमेदवारासाठी कोणी रांगेत उभे राहत नाही. काहींचे म्हणणे असे की, पडलेला उमेदवार कितीही तत्त्वनिष्ठ असला तरी त्याला सभागृहात हात वर करता येत नाही. मी या दुसऱ्या बाजूचा आहे. पण तिच्या नावावर जे काही खपवले जाते, ते मला मान्य नाही. निवडून येण्याची क्षमता पाहिलीच पाहिजे, आणि ती मिळालेल्या मतांवरून पाहिली पाहिजे. स्वपक्षाबाहेरच्या माणसांची मते या उमेदवाराने आजवर कुठे आणि किती मिळवली, एवढाच प्रश्न विचारावा. चेहरा, वर्ण, लिंग, पदके, देणगीदारांची यादी यांवरून क्षमता ठरवणे हा निव्वळ अंदाज आहे.

डेलावेअर राज्यात २०१० साली सिनेटची जागा रिपब्लिकन पक्षाच्या जवळजवळ हातात होती. माइक कॅसल हे माजी गव्हर्नर. राज्याला प्रतिनिधिगृहात एकच जागा असल्याने त्यांच्या खासदारकीच्या निवडणुकाही राज्यभर होत, आणि डेमोक्रॅट्सचे वर्चस्व असलेल्या त्या राज्यात ते वर्षानुवर्षे जिंकत आले होते. प्रायमरीत मत देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत रिपब्लिकनांना. कॅसल त्यांना पुरेसे कडवे वाटेनात. ‘टी पार्टी’ या कडव्या उजव्या चळवळीच्या लाटेत त्यांनी साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी कॅसलना पाडले आणि क्रिस्टीन ओडॉनेल यांना उभे केले. याच बाई दोन वर्षांपूर्वी याच राज्यात जो बायडन यांच्याविरुद्ध सिनेटला उभ्या राहून ३५ टक्क्यांवर थांबल्या होत्या. पुरावा समोर होता. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांनी त्यांना सुमारे १७ टक्क्यांनी हरवले.

२०१२ मध्ये इंडियानात तेच झाले. ३५ वर्षे सिनेटर असलेल्या रिचर्ड लुगर यांना प्रायमरीत घरी बसवून रिचर्ड मरडॉक आले. मिझुरीत तर डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी स्वतःच्या प्रचारनिधीतून सतरा लाख डॉलरच्या आसपास खर्चून रिपब्लिकन प्रायमरीतल्या टॉड एकिन यांच्याबद्दल जाहिराती केल्या. ‘एकिन फारच कडवे आहेत’ असा त्यांचा सूर होता. ही टीका रिपब्लिकन मतदारांना प्रशस्तिपत्रासारखी वाटेल हे त्यांना ठाऊक होते. एकिन प्रायमरी जिंकले. पुढे बलात्कारातून राहणाऱ्या गर्भाबद्दल एकिन आणि मरडॉक दोघेही नको ते बोलून बसले आणि दोघेही पडले. आपल्या विरोधकाला जो उमेदवार हवासा वाटतो, त्याच्यावर शिक्का मारताना मतदाराने क्षणभर थांबायला नको का?

‘हरलो तरी तत्त्व जपले’ असे म्हणणाऱ्यांना मी २८ जुलै २०१७ ची पहाट दाखवीन. ओबामांचा आरोग्यविमा कायदा रद्द करणे हे या कडव्या रिपब्लिकन मतदारांचे सर्वांत लाडके स्वप्न. त्या दिशेचे विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. सगळे लक्ष विरोधात मत देणारे रिपब्लिकन जॉन मॅककेन यांच्या खाली गेलेल्या अंगठ्याकडे होते. पण त्या ५१ मतांत डेलावेअरचे कून्स होते, इंडियानात मरडॉकना हरवणारे जो डॉनेली होते, मिझुरीच्या मॅकॅस्किल होत्या. यांतले एक मत जरी इकडचे तिकडे झाले असते तरी ५०-५० अशी बरोबरी होऊन उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांच्या निर्णायक मताने विधेयक पुढे सरकले असते. ते पडले याचा मला आनंदच आहे. पण ज्यांना ते हवे होते, त्यांनीच आपल्या हट्टापायी या जागा घालवल्या होत्या.

‘कुंपणावरच्यांना कशाला चुचकारता, घरी बसलेल्यांना बाहेर काढा,’ हा युक्तिवाद डावीकडेही तितकाच लोकप्रिय आहे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या प्रचाराची भिस्त नव्याने मताधिकार मिळालेल्या अठरा वर्षांच्या तरुणांवर होती. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन सोडून सगळा देश निक्सनकडे गेला. साधा हिशेब आहे: घरी बसलेला एक माणूस बाहेर काढला तर एक मत वाढते. विरोधकाचा एक मतदार फोडला तर आपले एक वाढते आणि त्याचे एक घटते. शिवाय जहाल उमेदवार फक्त आपल्याच लोकांना जागे करतो, ही समजूतही टिकत नाही. प्रतिनिधिगृहाच्या २००६ ते २०१४ मधल्या निवडणुका तपासून अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांनी २०१८ मध्ये दाखवले की, जहाल उमेदवार दिला की मतदानाला आलेल्यांत स्वपक्षीयांचा वाटा घटतो. दुसऱ्या बाजूचा हक्काचा मतदारही भीतीने घराबाहेर पडतो.

‘मग रेगन?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. १९८० मध्ये जेराल्ड फोर्ड यांच्यासारख्या माजी राष्ट्राध्यक्षालाही वाटत होते की इतका उजवा माणूस देशभर निवडून येणार नाही. रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली. पण फोर्ड यांनी विचार पाहिले, मते पाहिली नाहीत. नोंदणीकृत डेमोक्रॅट्सची बहुसंख्या असलेल्या कॅलिफोर्नियात १९६६ साली रेगन यांनी विद्यमान गव्हर्नरला दहा लाखांच्या आसपास मतांनी हरवले होते आणि १९७० मध्ये पुन्हा निवडून आले होते. माझ्या कसोटीवर रेगन पहिल्या दिवसापासून उत्तीर्ण होते. ट्रम्प यांच्यापाशी २०१६ मध्ये असा कसलाच पुरावा नव्हता, हे मी मान्य करतो. पण तेही निव्वळ कट्टरांच्या बळावर आले नाहीत. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला हात लावणार नाही, व्यापार करार मोडीन, अशी स्वपक्षाच्या शिरस्त्याविरुद्धची भाषा बोलून त्यांनी ओबामांचे मतदार फोडले. इतके करून देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा २९ लाखांच्या आसपास मते कमीच पडली, आणि विजय तीन राज्यांतल्या एकूण ७८ हजारांच्या आघाडीवर तरला.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण माझा जास्त राग त्यांच्यावर आहे. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हॉवर्ड डीन यांच्यावर भाळलेले डेमोक्रॅट आयोवा राज्यात ऐन वेळी जॉन केरींकडे वळले. का? व्हिएतनाममध्ये लढलेला, पदके मिळवलेला माणूस बुश यांना भारी पडेल, दुसऱ्यांना तो आवडेल, असा त्यांचा कयास. विरोधकांनी नेमक्या त्या पदकांवरच जाहिरातींचा मारा केला आणि केरी हरले. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधून दिलेले मत असे फसते. त्याहून वाईट म्हणजे हा अंदाज अन्याय करतो. रेजिना बेटसन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की, पात्रता सारखी असली तरी अमेरिकनांना गोरा पुरुष अधिक निवडून येण्याजोगा वाटतो. ‘मला स्त्री चालेल हो, पण लोकांना चालणार नाही’ असे प्रत्येक जण म्हणतो, आणि त्यातूनच तिची उमेदवारी जाते.

याला उतारा मतपेटीतच असतो. २००८ मध्ये ओबामा निवडून येतील का, याबद्दल कृष्णवर्णीय मतदारांतही शंका होती. नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या आयोवाने ३ जानेवारीला त्यांना जिंकवले आणि त्याच महिन्यात साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांच्या पारड्यात भरभरून मते टाकली. त्याच राज्याने २०२० मध्ये, पहिल्या तिन्ही राज्यांत हरलेल्या बायडन यांना उचलून धरले. डेमोक्रॅटिक पक्षाचा सर्वांत हक्काचा मतदार कोण, तर दक्षिणेतले हे वयस्क कृष्णवर्णीय लोक. पक्षाचा पाया आपणच, असे समजणाऱ्या मोठ्या आवाजाच्या कार्यकर्त्यांपेक्षा त्यांची निवड वेगळी निघाली. निवडणूक हरण्याची किंमत आधी कोण मोजतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

ही कसोटी लावायची कुठे, हेही सांगितले पाहिजे. बेळगाव-चिकोडीकडून गेलेले आपले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. तिथे ग्रेचेन व्हिटमर यांची निवड योग्यच होती. राज्य अटीतटीचे होते आणि त्यांनी ते जिंकून दाखवले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून ठाणेदार प्रतिनिधिगृहाच्या प्रायमरीला उभे राहिले. उमेदवारांची गर्दी होती, २८ टक्क्यांच्या आसपास मते पुरली. नोव्हेंबरची निवडणूक सहज गेली, कारण तिथे डेमोक्रॅट पडतच नाही. अशा मतदारसंघात निवडून येण्याच्या क्षमतेची भाषा करणाऱ्याला मतदारांनी दारातूनच परत पाठवावे. तिथे प्रायमरी हीच खरी निवडणूक असते. वॉशिंग्टनमध्ये कुठल्या विधेयकावर काय मत दिले, मतदारसंघात कुणाचे काम झाले, हे तिथे विचारावे, आणि आवडता उमेदवार खुशाल निवडावा.