दुर्बिणीची निवड

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील शिकारीस बंदी आली. दुर्बिणीचें काम मात्र राहिलें. कर्जतजवळील रेहेकुरी अभयारण्यांत काळवीट पाहावयास जामखेडहून निघालेल्या आमच्या नातवानें वर्षभर सांठविलेले पैसे ६० पट मोठें दाखविणाऱ्या स्वस्त दुर्बिणींत घालण्याचें ठरविलें होतें. आम्हीं त्यास एक भागाकार करावयास सांगितला. पुढील भिंगाच्या व्यासास पटीनें भागिलें म्हणजे डोळ्यांत उतरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. त्या दुर्बिणीच्या ६० मिलिमीटर भिंगास ती अवघी १ मिलिमीटर. ८ पटीच्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या साध्या दुर्बिणीस ५.२५. सांजवेळीं काळवीट चरावयास निघतो, तेव्हां पहिलींतून अंधुकच दिसावयाचें; शिवाय तिवईचें ओझें वेगळें. नातवानें दुसरी घेतली. पटीच्या मोहांत पडणाऱ्यांनीं पैसे मोजण्यापूर्वीं हा भागाकार करावा.