पहिले कलम

गेल्या उन्हाळ्यात जिंतुरात आम्ही सातआठ मंडळींनी नवी शाळा काढायचे ठरविले. बैठक आमच्या ओसरीवर. पहिली रात्र शाळेच्या नावात गेली, दुसरी गणवेशाच्या रंगात. तिसऱ्या रात्री शिक्षणाचे तत्त्वज्ञान निघाले. छडी नको, घोकंपट्टी नको, हाताला काम हवे, शिकवणे मराठीतून! चहाच्या दोन फेऱ्यांत एकमत झाले.

तेवढ्यात कोपऱ्यातले निवृत्त गुरुजी म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाची मुले या शाळेत येणार?"

ओसरी गप्प. मी पानाच्या डब्यात डोके घातले. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो, हे गुरुजींना ठाऊक होते.

मग त्यांनी हिप्परग्याची गोष्ट काढली. निजामाचे राज्य, वरच्या वर्गांचे सरकारी शिक्षण उर्दूतून. अशा दिवसांत, १९२१ साली, धाराशिवकडच्या त्या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि त्यांनी हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. "तत्त्वज्ञान त्यांच्यापाशीही होते," गुरुजी म्हणाले, "पण ते स्वतः खेड्यात जाऊन राहिले."

चौथ्या बैठकीत पहिले कलम लिहिले गेले : प्रत्येक संस्थापकाने घरचे एक तरी मूल याच शाळेत घालावे. दिवाळी आली, तरी त्याखाली सह्या तीनच आहेत. तिसरी माझी. खोटे कशाला सांगू, सूनबाईला विचारूनच केली!