पुतळा आणि पाना



श्रीवर्धनला समुद्राकडे जाताना वाटेत माणगावी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचा हा बावीस वर्षांचा गडी १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. रायगडकरांनी त्याची आठवण राखली, त्यांना मानले पाहिजे.

पण लढाईतून जिवंत माघारी येतो, त्याचे काय?

आपल्या ऊसपट्ट्यातलेच उदाहरण घ्या. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्कराच्या ई.एम.ई. दलात क्राफ्ट्समन. हे दल रणगाडे, तोफा, ट्रक दुरुस्त करते. आपल्या भाषेत फिटर लोकांची पलटण. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचे बळ गेले. दुसरा खचला असता. हा पठ्ठ्या पाण्यात उतरला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. त्या स्पर्धांतले भारताचे पहिलेच सुवर्ण! पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षे. तेवढ्यात लागणी-खोडवे किती झाले, ते तुम्हीच मोजा.

आपल्याही गावांत पलटणीतून आलेले मिस्त्री आहेत. रात्री-अपरात्री मोटार जळाली की आपण त्यांचेच दार वाजवतो, आणि काम झाले की विसरतो.

वार्षिक सभेत पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतोच. माझे म्हणणे, यंदा पहिली शाल अशा मिस्त्रीच्या खांद्यावर पडावी. नावे सभेपूर्वी गट ऑफिसात कळवा. खर्चाची काळजी नको, एक पाहुणा कमी बोलावता येईल.